शब्दकोडे आणि पारितोषिक : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील शब्दकोडे हा इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी असा विषय आहे काय, असा प्रश्न प्रस्तुत निबंधाचे शीर्षक वाचताच काही वाचकांच्या मनात उभा राहील. ताम्रपट, शिलालेख, बखरी व महसुली दप्तरे ही इतिहासाची मान्यवर साधने होत. त्यांच्या पंक्तीस काळ्या-पांढऱ्या घरांचे हे मनोरंजन बसविणे धाडसाचे वाटेल. तथापि शब्दकोड्याच्या अंगी एक गुण असा आहे की, तो रचणारा मनुष्य आपल्या वाचकास कोणत्या गोष्टी ठाऊक असणारच असे धरून चालतो, त्याची नोंद त्याच्या हातून नकळत होऊन जाते. अग्रलेखात लेखक वाचकास काही सांगू पाहतो. शब्दकोड्यात तो वाचकास आधीच ठाऊक असलेले विचारतो. म्हणून एखाद्या काळी समाजाचे सामाईक ज्ञान कोणते होते, हे पाहावयाचे असल्यास शब्दकोड्याची साक्ष काढणे अप्रस्तुत ठरू नये.

ह्या साक्षीतील एकच धागा येथे घेतला आहे. तो म्हणजे पारितोषिक. शब्दकोडे आणि पारितोषिक यांचा संबंध दोन प्रकारांचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पारितोषिक हे शब्दकोड्याच्या बाहेर होते. जो कोडे सोडवील त्यास ते मिळावयाचे. उत्तरार्धात ते शब्दकोड्याच्या आत शिरले आणि चौकटीत भरावयाचे उत्तर बनले. इंग्रजी शब्दकोड्यांत दूरचित्रवाणीच्या पारितोषिकांची नावे वारंवार येतात, हे ह्या दुसऱ्या अवस्थेचे ठळक उदाहरण होय. हे स्थित्यंतर कसे घडले, त्यात कायद्याचा व लिपीचा वाटा किती, आणि बीडसारख्या, निजामी राजवटीतून मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात आलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. कोडे आणि चौकट

कोडे ही वस्तू मराठीस नवी नाही. उखाणा, हुमाण, कूट, समस्या ही तिचीच निरनिराळी रूपे होत. उखाणा म्हटले की आज विवाहप्रसंगी पतीचे किंवा पत्नीचे नाव गुंफलेल्या ओळी आठवतात. पण कोडे हाही त्या शब्दाचा जुना व रूढ अर्थ आहे. जात्यावर, शेताच्या बांधावर किंवा रात्रीच्या बैठकीत घातल्या जाणाऱ्या अशा कोड्यांना पारितोषिक नसे. ज्यास उत्तर येई त्यास शाबासकी मिळे व ज्यास येत नसे त्याची थट्टा होई, एवढाच काय तो देण्याघेण्याचा व्यवहार.

शब्द आकृतीत मांडण्याची हौसही आपल्याकडे जुनी आहे. संस्कृत चित्रकाव्यातील बंध प्रसिद्धच आहेत. बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते, आणि त्याच नगरीत दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपली अफाट ग्रंथरचना केली. दासोपंतांची पासोडी सर्वश्रुत आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा गहन विषय ओव्या व आकृती यांच्या साहाय्याने त्यांनी मांडला. पासोडी हे कोडे नव्हे, व तिचा आजच्या शब्दकोड्याशी काही वंशसंबंध आहे असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु अक्षर हे केवळ ऐकावयाचे नसून आकृतीत बसवून पाहावयाचेही असते, ही जाण ह्या भूमीस परकी नव्हती, एवढे त्यावरून म्हणता येईल.

आडव्या व उभ्या शब्दांनी एकमेकांस छेद द्यावयाचा, हा आधुनिक प्रकार मात्र अमेरिकेतून आला. आर्थर विन ह्या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ ह्या पत्रात असे पहिले कोडे छापले. १९२४ मध्ये अशा कोड्यांचे पहिले पुस्तक तेथे निघाले व त्याचे वेडच पसरले. लंडनच्या ‘टाइम्स’ने प्रारंभी नाके मुरडली, पण १९३० च्या फेब्रुवारीत त्यालाही शब्दकोडे सुरू करावे लागले. हिंदुस्थानात ते प्रथम इंग्रजी नियतकालिकांच्या द्वारा व पाठोपाठ देशी भाषांत आले. आणि येथेच पारितोषिकाने त्यात प्रवेश केला.

२. बक्षिसांचे युग आणि राज्यांच्या सीमा

शब्दकोड्याचे कूपन पत्रातून कापावयाचे, ते भरून ठराविक प्रवेशमूल्यासह धाडावयाचे, आणि आपले उत्तर संपादकाकडील मोहोरबंद उत्तराशी तंतोतंत जुळल्यास मोठ्या रकमेचे धनी व्हावयाचे, असा ह्या स्पर्धांचा साधारण क्रम होता. एका व्यक्तीने कितीही कूपने धाडावीत. जितकी अधिक, तितकी आशा अधिक. पत्राचा खप वाढे, चालकांस प्रवेशमूल्याचे उत्पन्न मिळे, आणि सामान्य कारकून, शिक्षक व विद्यार्थी यांचे चार पैसे दर आठवड्यास त्यात जात.

इंग्लंडात ह्या प्रश्नाचा निवाडा १९३६ साली ‘कोल्स विरुद्ध ओडम्स प्रेस’ ह्या खटल्यात झाला होता. एका सूचनेस दोन किंवा अधिक शब्द सारखेच लागू पडत असतील, आणि त्यांपैकी कोणता ‘बरोबर’ हे चालकाने आधीच गुप्तपणे ठरवून ठेवले असेल, तर सोडविणाऱ्याची विद्वत्ता त्यास काडीमात्र उपयोगी पडत नाही. तो न दिसणाऱ्या निशाण्यावर नेम धरीत असतो, म्हणून हा प्रकार लॉटरीच होय, असे तेथील न्यायालयाचे म्हणणे होते.

मुंबई प्रांताने १९४८ साली लॉटऱ्या व बक्षीस-स्पर्धा यांचे नियंत्रण करणारा व त्यांवर कर बसविणारा कायदा केला. परंतु प्रांताबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धा त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. ह्या पळवाटेचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक. ते छापले जाई म्हैसूर राज्यात, बंगलोर येथे. पण त्याचा मोठा वाचकवर्ग मुंबई राज्यात होता, आणि त्यातील ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड’ स्पर्धेची प्रवेशपत्रे व पैसे येथे गोळा होत. १९५२ मध्ये मुंबई विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून ही पळवाट बुजविली, आणि स्पर्धेचे चालक चमारबागवाला यांनी तिला न्यायालयात आव्हान दिले.

ह्या काळात बीड जिल्हा कोठे होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. पोलीस कारवाईनंतरही हैदराबाद हे स्वतंत्र राज्य म्हणून टिकले. त्यामुळे मुंबईचा १९४८ चा कायदा बीडला लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. आष्टी तालुक्याची सीमा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यास भिडलेली आहे. सीमेच्या पलीकडील गावात शब्दकोड्याच्या स्पर्धेवर परवान्याचे व कराचे बंधन होते. अलीकडील गावात मुंबईच्या त्या कायद्याचा अंमल नव्हता. भाषा एक, आठवड्याचे बाजार एक, सोयरिकी एक, आणि शब्दकोड्याचा कायदा मात्र दोन, अशी ही स्थिती होती.

ह्याचा शेवट केंद्रीय कायद्याने झाला. पैज व जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे संसदेस त्यावर आपण होऊन कायदा करता येत नव्हता; घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदानुसार राज्यांनी तशी विनंती करणारे ठराव करणे आवश्यक होते. असे ठराव करणाऱ्या राज्यांत आंध्र, मुंबई, मद्रास, ओरिसा, उत्तर प्रदेश इत्यादींच्या बरोबर हैदराबादही होते. अर्थात १९५५ चा बक्षीस-स्पर्धा कायदा १ एप्रिल १९५६ रोजी अंमलात आला, तेव्हा बीड जिल्ह्यास तो लागू झाला तो मुंबईच्या नव्हे, तर हैदराबादच्या ठरावान्वये. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने, नवी तरतूद होईपर्यंत, ज्या प्रदेशात जे कायदे होते ते तसेच चालू ठेवले. म्हणून बक्षीस-स्पर्धांच्या बाबतीत बीड व अहमदनगर हे शेजारी जिल्हे एका कायद्याखाली आले ते राज्य एक होण्यापूर्वीच, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

ह्या कायद्याची व्याख्या व्यापक होती. अक्षरे, शब्द किंवा आकडे यांची जुळवाजुळव, मांडणी किंवा फेरफार यांवर आधारलेले कोणतेही कोडे सोडविण्याबद्दल बक्षीस देऊ करणारी स्पर्धा, मग तिला नाव काहीही असो, ह्या व्याख्येत येत होती. महिन्यास एकूण १००० रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास बंदी झाली. एका स्पर्धेतील प्रवेशपत्रांची संख्या २००० वर जाऊ नये असे बंधन पडले. आणि ह्या मर्यादेतील स्पर्धेसही परवाना आवश्यक ठरला. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला यांच्या प्रकरणी दोन निर्णय दिले. एकात मुंबईचा कर वैध ठरला, व जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे, असे सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी प्रतिपादिले. दुसऱ्यात केंद्रीय कायद्याचा अर्थ लावताना, तो केवळ योगायोगावर अवलंबून असणाऱ्या स्पर्धांना लागू आहे, ज्यांत यश मोठ्या प्रमाणावर कौशल्यावर अवलंबून असते त्यांना नाही, असा भेद न्यायालयाने केला.

‘कौशल्य की योगायोग’ हा भेद भारतीय विधिशास्त्रात रुजला तो मुख्यतः ह्या शब्दकोड्याच्या खटल्यापासून. पुढे घोड्यांच्या शर्यतींपासून संगणकीय खेळांपर्यंत त्याचा आधार घेतला गेला. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यात मात्र कौशल्य व योगायोग हा भेद न मानता दोहोंवर सरसकट बंदी घातली आहे. शब्दकोड्याने आरंभिलेला वाद अद्याप संपलेला नाही, हेच ह्यावरून दिसते.

३. ‘इनाम’ की ‘बक्षीस’?

न्यायालयात जो प्रश्न कायद्याचा होता तो मुळात भाषेचा होता. एका सूचनेस दोन उत्तरे सारखीच लागू पडतात किंवा नाही, हे शब्दांच्या अर्थावर ठरते. ह्या दृष्टीने मराठीतील पारितोषिकवाचक शब्दांकडेच पाहणे उद्बोधक होईल.

समजा, सूचना आहे ‘गुणवंतास मिळते’ आणि घरे आहेत तीन. उत्तर ‘इनाम’ असू शकेल, ‘बक्षीस’ असू शकेल, ‘पदक’, ‘चषक’ किंवा ‘गौरव’ही असू शकेल. ह्यांपैकी प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे. छेद देणाऱ्या उभ्या शब्दाने एखादे अक्षर हाती दिले तरच निवड करता येते. तो उभा शब्दही असाच संदिग्ध असेल तर विद्वान व अडाणी यांची स्थिती एकच. मोहोरबंद पाकिटात ‘इनाम’ असले तर ‘बक्षीस’ लिहिणाऱ्याचे पैसे बुडाले, आणि त्याची चूक कोणती हे त्यास कोणीही दाखवू शकणार नाही.

शिवाय ह्या शब्दांचे अर्थ स्थळाकाळाप्रमाणे बदलत गेले आहेत. निजामी अंमलाखालील प्रदेशात ‘इनाम’ म्हणजे प्रथमतः जमीन. देवस्थानास, दर्ग्यास, सेवा करणाऱ्या घराण्यास दिलेली करमुक्त किंवा सवलतीची जमीन ती इनाम, आणि तिचा धारक तो इनामदार. मुंबईच्या शब्दकोडेकर्त्यास ‘इनाम’ हा बक्षिसाचा पर्याय वाटेल. बीडच्या शेतकऱ्यास त्यात सात-बाराचा उतारा दिसेल. हैदराबाद राज्याने इनामे व रोख नेमणुका रद्द करण्याचा कायदा केला तो १९५४ चा असून १९५५ च्या कायद्यांत त्याची गणना होते. एकाच सुमारास शब्दकोड्याच्या मोठ्या बक्षिसांवर आणि जमिनीच्या इनामांवर, दोहोंवर कायद्याची कुऱ्हाड पडली, हा काळाचा योगायोग असला तरी अर्थशून्य नाही. कष्टावाचून मिळणाऱ्या लाभाकडे पाहण्याची नव्या राज्यव्यवस्थेची दृष्टी त्यात व्यक्त होते.

‘पुरस्कार’ ह्या शब्दाची कथा निराळी. जुन्या मराठी गद्यात एखाद्या मताचा, पक्षाचा किंवा सुधारणेचा ‘पुरस्कार’ करणे, म्हणजे त्यास पुढे करणे, पाठिंबा देणे, हा प्रयोग सर्रास आढळतो व तो आजही शुद्ध आहे. सन्मानदर्शक देणगी ह्या अर्थाने तो आज इतका रूढ झाला आहे की ‘पाठिंबा’ ह्या सूचनेस ‘पुरस्कार’ हे उत्तर तरुण वाचकास चटकन सुचत नाही. ‘बक्षीस’ हा फारसी वळणाचा शब्द शाळेच्या समारंभात राहिला, ‘पारितोषिक’ नाट्यस्पर्धेत राहिले, आणि साहित्य, चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या सन्मानास ‘पुरस्कार’ लाभला. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या तोंडी ‘इनाम’, ‘खिताब’ हे शब्द जितके सहज होते, तितका ‘पुरस्कार’ नव्हता. शब्दकोड्याच्या उत्तरात कोणता शब्द येतो, यावरून तो रचणारा कोणत्या प्रदेशाचा व पिढीचा आहे हे बरेचसे ओळखता येते, ते ह्याच कारणाने.

४. दूरचित्रवाणीचे पारितोषिक आणि लिपीचा धर्म

मोठी बक्षिसे गेली. शब्दकोडे मात्र गेले नाही. दैनिकाच्या आतील पानावर, दुसऱ्या दिवशी उत्तर छापण्याच्या बोलीवर, ते विनामूल्य करमणूक म्हणून स्थिरावले. त्याच सुमारास अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोहोचत होती. तिच्या कार्यक्रमांसाठी स्थापन झालेल्या ‘एमी’ पारितोषिकाचा पहिला समारंभ २५ जानेवारी १९४९ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. दूरचित्रणाच्या कॅमेऱ्यातील ‘इमेज ऑर्थिकॉन’ नामक नळीस तंत्रज्ञ लाडाने ‘इमी’ म्हणत. पारितोषिकाची मूर्ती स्त्रीची असल्यामुळे त्याचे स्त्रीनाम ‘एमी’ झाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे दैनिक शब्दकोडे १९५० साली सुरू झाले. तेव्हा दैनिक शब्दकोडे व दूरचित्रवाणीचे पारितोषिक ही जवळजवळ समवयस्क भावंडेच म्हटली पाहिजेत.

‘एमी’ हे नाव इंग्रजी शब्दकोड्यांत वारंवार येते, ह्याचे कारण त्या पारितोषिकाची थोरवी एवढेच नाही. अमेरिकी पद्धतीच्या चौकटीत प्रत्येक घर आडव्या व उभ्या अशा दोन्ही शब्दांत मोडले पाहिजे असा दंडक आहे. म्हणून तेथे स्वरबहुल, आखूड व परिचित शब्दांची सतत टंचाई असते. रोमन लिपीत ‘एमी’ हा चार अक्षरांचा शब्द; त्याच्या आरंभी ‘ई’ हे इंग्रजीतील सर्वाधिक येणारे अक्षर, अखेरीस शब्दान्ती सहज चालणारा ‘वाय’. रंगभूमीची ‘टोनी’ (१९४७ पासून) व ‘ओबी’ (१९५६ पासून) ही पारितोषिके, तसेच क्रीडा-वाहिनीचे ‘एस्पी’ (१९९३ पासून) ही नावेही अशीच सोयीची. १९८४ साली फिलिप मायकेल थॉमस ह्या दूरचित्रवाणीवरील नटाने एमी, ग्रॅमी, ऑस्कर व टोनी ही चारही पारितोषिके मिळविण्याची आपली महत्त्वाकांक्षा त्यांच्या आद्याक्षरांनी बनलेल्या ‘ईगॉट’ ह्या शब्दात व्यक्त केली. तो शब्दही पुढे शब्दकोडेकर्त्यांच्या उपयोगी पडला. तात्पर्य, कीर्तीने नाव चौकटीच्या दारापर्यंत आणले, आत घेतले ते लिपीने.

आता देवनागरीकडे वळू. मराठी शब्दकोड्याच्या एका घरात एक वर्ण नव्हे, तर काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षर यांसह पूर्ण अक्षर बसते. रोमन लिपीत छेद जुळविण्यास सव्वीसच चिन्हे. मराठीत चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेहून अधिक अक्षररूपे होतात, व जोडाक्षरे त्यांहून निराळी. छेद जुळणे त्यामानाने कठीण. म्हणून मराठी चौकटीत काळी घरे अधिक ठेवावी लागतात, आणि ज्यांत काना-मात्रा नाहीत असे शब्द रचनाकारास विशेष प्रिय होतात. ‘पदक’ हा शब्द घ्या. त्याच्या ‘प’पासून ‘परळी’, ‘द’पासून ‘दगड’, ‘क’पासून ‘कमळ’ असे शब्द सहज उभे राहतात. उलट ‘पुरस्कार’ ह्या शब्दातील ‘स्का’ हे घर छेदावयाचे म्हटले तर ‘संस्कार’, ‘नमस्कार’, ‘तिरस्कार’, ‘बहिष्कार’ यांपैकी पहिले तीनच उपयोगी. चौथ्यात ‘ष्का’ आहे, आणि तेवढ्याने तो बाद होतो.

‘एमी’ची गतही पाहण्यासारखी आहे. रोमन लिपीत चार घरे व्यापणारा हा शब्द देवनागरीत दोनच घरांचा होतो. त्यातील ‘मी’ सुलभ आहे; ‘बातमी’, ‘भूमी’, ‘हमी’ असे कितीतरी शब्द त्यावर येऊन संपतात. अडचण आहे ती ‘ए’ची. ‘ई’ व ‘ऊ’ हे स्वर ‘गेवराई’, ‘भाऊ’ अशा शब्दांच्या अंतीही सुटे येतात. ‘ए’ मात्र मराठीत बहुतेक शब्दारंभीच येतो. म्हणून ‘एमी’ आडवा ठेवल्यास त्याच्या ‘ए’मधून ‘एकनाथ’, ‘एकादशी’, ‘एकमत’ अशा थोड्याच शब्दांना खाली उतरता येते. वरून ‘बातमी’ यावी, तिच्या शेवटच्या घरात ‘एमी’ संपावे, आणि ‘एमी’च्या पहिल्या घरातून पैठणचे एकनाथ खाली उतरावेत, अशी ही रचना होईल. जी गोष्ट इंग्रजी रचनाकाराची तारक, तीच मराठी रचनाकाराची कसोटी ठरते, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

५. मराठी वाहिन्यांचे पुरस्कार

लिपीच्या जोडीस दुसरेही एक कारण आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठवाड्याच्या अंतर्भागात दूरदर्शन पोहोचण्यास आणखी अवकाश लागला. पुढे अंबाजोगाईस प्रक्षेपण केंद्र झाले. खाजगी मराठी वाहिन्यांचा खरा काळ १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ निघाल्यापासून सुरू होतो. २००५ साली तिचे नाव ‘झी मराठी’ झाले. २००८ मध्ये ‘स्टार प्रवाह’ आली. ह्या वाहिन्यांनी स्वतःचे पुरस्कार-सोहळे सुरू केले व ते लोकप्रियही झाले.

परंतु ह्या सोहळ्यांत वाहिनी सन्मान करते तो आपल्याच मालिकांचा व आपल्याच कलावंतांचा. एमी हे एका स्वतंत्र संस्थेने सर्व वाहिन्यांच्या कार्यक्रमांतून निवड करून दिलेले पारितोषिक आहे. येथे यजमान व पाहुणा एकच. त्यामुळे ‘मराठी दूरचित्रवाणीचा सर्वोच्च पुरस्कार’ अशी निःसंदिग्ध सूचना देऊन एकच एक उत्तर मागता येत नाही. शिवाय ह्या पुरस्कारांना सुटसुटीत विशेषनाम नाही. वाहिनीचे नाव व त्यापुढे ‘पुरस्कार’, ‘सन्मान’ किंवा ‘गौरव’ असे सामान्यनाम, अशी त्यांची घडण आहे. चौकटीत बसतो तो केवळ दुसरा भाग, म्हणजे आपला जुनाच शब्द.

एक गमतीची गोष्ट अशी की, ह्या सोहळ्यांतील सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून असे विभाग आणि मराठी शब्दकोड्यातील नेहमीचे गडी एकच आहेत. ‘सासू’, ‘सून’, ‘जाऊ’, ‘नणंद’, ‘दीर’ हे आखूड नातेवाचक शब्द शब्दकोडेकर्त्याच्या हाताशी सदैव असतात. इंग्रजी शब्दकोड्यात पारितोषिकाचे नाव शिरले. मराठीत पुरस्कारच नात्यांच्या जुन्या शब्दांत शिरले. भाषेच्या प्रकृतीत जे आधीपासून होते, त्याच्याच आश्रयाने नवे आले.

भारतीय मालिकांस आंतरराष्ट्रीय एमी मिळू लागल्यापासून ह्यात थोडा पालट संभवतो. २०२० साली ‘दिल्ली क्राइम’ ह्या मालिकेस सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे आंतरराष्ट्रीय एमी मिळाले व ती बातमी मराठी वृत्तपत्रांतही ठळकपणे आली. तेव्हापासून ‘दूरचित्रवाणीचे एक जागतिक पारितोषिक’, दोन घरे, ही सूचना मराठी वाचकास अगदीच अनोळखी म्हणता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. शब्दकोड्यातील पारितोषिक बाहेरून आत आले, त्यास तीन कारणे घडली. कायद्याने मोठी बक्षिसे बंद करून कोड्यास जुगारापासून सोडविले. दूरचित्रवाणीने नवे सामाईक ज्ञान निर्माण केले. आणि लिपीने त्या ज्ञानातील कोणता अंश चौकटीत यावा हे ठरविले. पहिल्या कारणाचा इतिहास बीड जिल्ह्याने हैदराबादच्या बाजूने अनुभवला, म्हणून तो मुंबईकेंद्रित कथनाहून वेगळा आहे.

ह्यापुढे विचारावयाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. शब्दकोडे ‘सर्वांस ठाऊक’ म्हणून जे गृहीत धरते, ते सर्व म्हणजे कोण? मुंबई-पुण्याच्या शब्दकोड्यात मुकुंदराज हे ‘आद्यकवी’ ह्या सूचनेचे पाच अक्षरी उत्तर म्हणून येऊ शकतात. पण धारूर, केज, पाटोदा ही गावे, ऊसतोडीच्या हंगामातील कोयता, टोळी, उचल हे शब्द त्यात कितीदा येतात? ‘उचल’ हा तीन अक्षरांचा, काना-मात्रा नसलेला, छेदास अत्यंत सोयीचा शब्द. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम हा त्याचा अर्थ बीड जिल्ह्यातील लाखो माणसांस ठाऊक आहे. तो त्या अर्थाने चौकटीत न येण्यास लिपीचे कोणतेही कारण नाही. कारण आहे ते रचनाकाराच्या मनातील वाचकाचे.

म्हणून जिल्ह्यातील व मराठवाड्यातील वृत्तपत्रांचे अंक जतन करणाऱ्या ग्रंथालयांस व संशोधकांस एक विनंती करावीशी वाटते. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या व पुढे अनंत भालेराव यांनी वाढविलेल्या ‘मराठवाडा’सारख्या पत्रांच्या अग्रलेखांकडे अभ्यासकांचे लक्ष जाते, ते योग्यच आहे. पण कात्रणे काढताना कोड्याचा कोपरा निरुपयोगी समजून टाकून देण्याची प्रथा थांबली पाहिजे. कोडे व त्याचे दुसऱ्या दिवशीचे उत्तर ही दोन्ही एकत्र जपली, तर कोणत्या दशकात ‘इनाम’ मागे पडून ‘पुरस्कार’ पुढे आला, मालिकांची नावे केव्हा आली आणि गावाकडचे शब्द केव्हा गेले, हे तारीखवार सांगता येईल. अशी साधने हाताशी असताना ती रद्दीत जाऊ देणे आपल्याच भाषेच्या इतिहासाचे एक पान फाडून टाकण्यासारखे होईल.